चोवीस दाते, छत्तीस दाते

८ फेब्रुवारी, सोमवार

धाऽड, टिक, टक, टीऽक. धाऽड, टिक, टक, टीऽक.

पन्नासहून अधिक वर्षं झाली हा आवाज ऐकून. आणि आज तो जेवणाच्या टेबलावर येऊन बसला!

सूनबाईला शाळेत नोकरी लागली आहे. पाचवीचा वर्ग. मुलांसमोर उभं राहायच्या आधी रोज संध्याकाळी ती घरी धड्याची तालीम करते, आणि विद्यार्थी कोण — तर मी. मुलगा कामावरून उशिरा येतो, म्हणून तो सुटला. "बाबा, तुमच्यासारखा विद्यार्थी शोधून मिळायचा नाही. तुम्हाला कळलं की वर्गात कुणालाही कळेल." ही स्तुती आहे की दुसरंच काही, ते अजून ठरवतो आहे.

आजचा धडा: विभाज्य संख्या. दोनच्या पाढ्यात येतात त्या दोनच्या — दोन, चार, सहा, आठ. तीनच्या पाढ्यात येतात त्या तीनच्या. कितीही पुढे जा, संपत नाहीत. मी विचारलं, विभाज्य की विभाजक? लहानपणी या जोडगोळीने माझे कान लाल करवले आहेत. ती म्हणाली, "विभाजक संख्येच्या पोटात बसतात, विभाज्य तिच्या पुढे पळतात." वा! आमच्या गणिताच्या मास्तरांना असं बोलता आलं असतं तर मी कवितांच्या तासाची वाट बघत आठवडा काढला नसता.

मग टाळ्या. तिने मोजायचं, दोनच्या पाढ्यातला आकडा आला की तिने टाळी द्यायची, तीनच्या पाढ्यातला आला की मी टेबलावर थाप मारायची. दोनला टाळी, तीनला थाप, चारला टाळी, पाचला कुणीच नाही, सहाला दोघं एकदम! मग पुन्हा तेच — आठ, नऊ, दहा, आणि बाराला एकदम.

"जिथे दोघं एकदम वाजवतो ना, बाबा, ती सामाईक विभाज्य संख्या. सहा, बारा, अठरा... त्यातली सगळ्यात लहान सहा. तो लसावि."

मी ऐकत होतो, पण तिचं नाही. माझा हात थापा देतच राहिला. एकदम वाजलं की दोन मात्रा थांबायचं, मग एक मात्रा, मग एक, मग पुन्हा दोन. गुरु, लघु, लघु, गुरु. आमचे भाषेचे मास्तर छडीने बाकावर असेच गण वाजवून दाखवायचे — छडीचा तेवढाच काय तो चांगला उपयोग.

आणि एकदम आठवलं. छापखाना! मोठं मशीन! गोदामाच्या भिंतीतून येणारा तो आवाज!

"बाबा, डोळे का मिटले? झोप आली?"

"नाही बाई. पुन्हा मोजा."

९ फेब्रुवारी

रात्रभर ते मशीन डोक्यात चालू होतं. लिहूनच टाकतो.

वडील गेले तेव्हा आम्ही दोघंच कमावते. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती छापखान्यात बांधणीच्या खात्यात — छापलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, दुमडायचे, शिवायचे, कापायचे. तिनेच फोरमनच्या हातापाया पडून मला मशीनवर लावलं. तिथे लंब्या भेटला. दारातून वाकून आत यावं लागे त्याला, म्हणून लंब्या. मी ओळी म्हणत काम करायचो, म्हणून मी कवी. दोघांचं एकच मशीन. त्याची मोठी माणसं नव्हतीच कुणी. आमच्याच घरी जेवायचा.

त्या दिवशी मला सणसणून ताप होता. रजा घेतली तर दिवस भरत नाही, म्हणून गेलो. मशीन धुवायचा दिवस. बाजूचं झाकण काढलेलं, आतली दातेरी चाकं उघडी, आणि लंब्या मशीन अगदी हळू फिरवत कुंचल्याने मळ काढत होता. मी चाकांशेजारी कागदाच्या गठ्ठ्याला टेकलो. डोळा लागला. जाग आली ती कडाडकन् झालेल्या आवाजाने. मग फोरमनचा आरडाओरडा. "तेल कुणाकडे होतं आज?"

तेल माझ्याकडे होतं.

मी म्हटलं, घातलं होतं. सकाळीच घातलं होतं. फोरमनने लंब्याकडे बघितलं. लंब्या म्हणाला, "कोरडं होतं."

दोनच शब्द.

मशीनवरून काढून मला कागदाच्या गोदामात टाकलं. निवृत्त होईपर्यंत गठ्ठे मोजले. लंब्या पुढे मुख्य मशीनमन झाला. नवं चाक यायला सहा-सात महिने लागले; तोवर ते दुखावलेलं मशीन तसंच चालवलं, आणि भिंतीपलीकडे मी ऐकत बसायचो — धाऽड, टिक, टक, टीऽक.

लंब्याचा मला कधी राग आला नाही. खरं सांगतो. मला वाटलं, तो खरंच बोलला असेल. मी ओळी म्हणत होतो, ताप होता, तेल घातल्याचा भास झाला असेल. सगळे हेच म्हणाले. "कवीमहाराज तेल विसरले!" बायको म्हणायची, तुमच्या कवितांनी तुमचं मशीन खाल्लं. मी मान डोलवायचो. त्या वर्षी कविता लिहिणं बंद केलं.

दुसऱ्यांच्या म्हणत राहिलो. स्वतःची एक ओळ नाही.

१० फेब्रुवारी

आज मीच बाईंना उदाहरण घातलं. "चोवीस आणि छत्तीस. यांचा लसावि काढा."

हे आकडे मला पाठ आहेत. त्या मशीनमधलं धाकटं चाक चोवीस दात्यांचं, थोरलं छत्तीस. कुंचला फिरवताना कितीदा मोजले असतील!

"तुम्ही काढा," म्हणाली. "विद्यार्थी तुम्ही."

मी चोवीस गुणिले छत्तीस मांडलं, घाम काढून आठशे चौसष्ट आणले. ती हसली. "वर्गात सगळे हेच करणार! तुम्ही अगदी आदर्श विद्यार्थी आहात, बाबा. आठशे चौसष्ट सामाईक आहे, खोटं नाही. पण त्याच्या आधी कुणी भेटत नाही का, ते बघा. मोठ्या संख्येचा पाढा धरा आणि धाकटीला विचारत चला."

छत्तीस — चोवीसच्या पाढ्यात नाही. बहात्तर — चोवीस त्रिक बहात्तर! आहे!

बहात्तर. म्हणजे धाकट्या चाकाचे तीन फेरे, थोरल्याचे दोन. तेवढं फिरल्यावर पहिल्यांदा भेटलेले दोन दाते पुन्हा समोरासमोर येतात.

कागदावर एक लांब रेघ ओढली. धाकट्याच्या खुणा चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तरवर. थोरल्याच्या छत्तीस, बहात्तरवर. रेघेकडे बघत बसलो. चोवीस दात्यांची उडी, मग बारा, मग बारा, मग चोवीस. दोन मात्रा, एक, एक, दोन!

हीच ती चाल. रेघेवर उतरलेली.

सूनबाई म्हणाली, "चहा गार झाला."

११ फेब्रुवारी

म्हणजे दोन्ही चाकांचा एकेकच दाता दुखावलेला होता.

१२ फेब्रुवारी

काल पुढे लिहवेना.

आज तिला विचारलं, "बाई, टाळी फक्त तूच दिलीस, मी थाप दिलीच नाही, तर?"

"मग नुसतं दोन, चार, सहा. सारखं. त्यात गंमत नाही."

"आणि प्रत्येक आकड्याला सगळ्यांनीच टाळ्या दिल्या तर?"

"मग नुसता गोंगाट, बाबा. गणित कुठे राहिलं त्यात?"

नुसता गोंगाट! तेल नसतं तर सगळेच दाते घासले असते. चोवीसच्या चोवीस, छत्तीसच्या छत्तीस. सगळं मशीन खरखरलं असतं, त्यातून गुरु-लघु निघाले नसते. निघाले, कारण एकदाच, एकाच ठिकाणी, दोन चाकांच्या मध्ये काहीतरी कठीण सापडलं. त्याने इकडचा एक दाता फोडला, तिकडचा एक. मग ते दोन जखमी आपापल्या फेऱ्याला कण्हत राहिले, आणि दर बहात्तरीला एकमेकांवर आपटत राहिले.

तेल घातलेलं होतं. मी घातलं होतं! भास नव्हता!

पन्नास वर्षं मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. गॅस बंद केला की परत जाऊन बघतो. कुलूप लावलं की ओढून बघतो, वर दुसऱ्यालाही ओढायला लावतो. बायको थट्टा करायची, मुलगा करतो. मीच मला विसरभोळा म्हणायचो — आणि मी विसरलोच नव्हतो.

काय पडलं असेल? पाना? नट? आणि तिथे होतं कोण? मी झोपलेला. लंब्या जागा. तिसरं कुणी नाही. बांधणीतल्या बायकांना तर मशीनच्या खोलीत पाय टाकायची बंदी होती — दिसली की कायमची घरी, अशी फोरमनची ताकीद.

लंब्या. माझ्या घरचं जेवून!

१४ फेब्रुवारी, रविवार

गेलो. न्हाव्याच्या दुकानापुढच्या बाकावर आम्ही रोज संध्याकाळी बसतो, तिथेच होता. माझ्यासाठी जागा राखायला काठी आडवी ठेवलेली, नेहमीसारखी. मी काठी उचलली नाही. उभाच राहिलो.

"बस की. गुडघे वाकवायला भाडं पडतंय का?"

"लंब्या, मशीन कोरडं नव्हतं."

आधी समजलं नाही त्याला. मग समजलं. चेहरा असा झाला, जणू आतून कुणीतरी दिवा विझवला.

"कोण बोललं तुला?"

बघा! 'कुठलं मशीन' नाही. 'काय बडबडतोस' नाही. कोण बोललं!

मी सगळं सांगितलं. चोवीस, छत्तीस, बहात्तर. बाकावर थापा देऊन आवाजसुद्धा काढून दाखवला. आत एकाची दाढी चालली होती, तो फेसासकट वळून बघायला लागला. लंब्याने माझ्या हातावर हात ठेवला, थापा थांबवायला.

"पुरे, कवी. पुरे."

"काय पाडलंस आत?"

त्याने तोंड रस्त्याकडे वळवलं.

"पाना पाडलास? सांगितलं असतंस तर मी तुझ्यासाठी गोदामात गेलो असतो रे! आपण होऊन गेलो असतो! मला खोटं का पाडलंस?"

"तुला वाटतं ना मी पाडलं? मग मी पाडलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तेच. घरी जा. ऊन आहे."

संध्याकाळचे सहा वाजले होते. कसलं ऊन!

मी निघालो. वळून बघितलं नाही. पण दुकानाच्या आरशात दिसलं — काठी अजून आडवीच होती.

१५ फेब्रुवारी

जेवलो नाही. सूनबाईला सांगितलं पोट बिघडलं आहे. तिने विश्वास ठेवला नाही, पण ठेवल्यासारखं केलं. त्या एवढ्याशा खोट्याचाही आज राग आला.

१६ फेब्रुवारी

सत्काराचं लिहायचं राहिलं होतं. लंब्याला ऐंशी पूर्ण होतात. छापखाना केव्हाच बंद पडला, पण जुनी माणसं अजून धरून आहेत. येत्या रविवारी, एकवीसला, वाचनालयाच्या सभागृहात त्याचा सत्कार. सगळ्यांनी मला गळ घातली — कवी, तू कविता कर. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी स्वतःच्या ओळी लिहिल्या. गेल्या महिन्यात. त्याच्यासाठी!

आज कागद काढून वाचला.

हात दिला, साथ दिली,
काय कमी, काय उणे?

मोठ्याने म्हटलं. बोटं आपोआप टेबलावर पडली. हा, त, दि, ला. गुरु, लघु, लघु, गुरु! मला माहीतही नव्हतं — ज्या खोट्याने माझी कविता बंद केली, त्याच्याच चालीवर ती पुन्हा सुरू झाली होती.

खाली गेलो. वहाण एका पायात, दुसरी तिथेच. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर कळलं.

१७ फेब्रुवारी

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, त्याचा फोन. आता त्याला ऐकू कमी येतं, म्हणून स्वतःच ओरडतो. "कविता झाली ना रे? पाच मिनिटांत बसव! मागच्या खेपेसारखा दुसऱ्यांच्या ओळी म्हणत लांबू नकोस!"

म्हटलं, कविता नाही. बोलणार आहे.

"आं?"

"बोलणार आहे! मशीनबद्दल!"

"हां, हां, मशीनबद्दल बोल! लोकांना आवडेल!"

आवडेल तर. त्याच सगळ्यांसमोर मला विसरभोळा ठरवलं होतं. त्याच सगळ्यांसमोर सांगणार. फळा मागवून घेईन, रेघ ओढेन, खुणा करीन. मग लंब्याने हार घालून घ्यावा हवा तर.

सूनबाईला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग रेघेचा तो कागद पुढे ओढून त्यावरच्या खुणा बोटाने मोजल्या.

"गणित बरोबर आहे, बाबा. पैकीच्या पैकी." मग म्हणाली, "पण याने जागा कळते. हात कुणाचा, ते कसं कळणार?"

"तिथे दुसरं कुणी नव्हतं!"

"तुम्ही झोपला होता ना?"

मी चिडलो. म्हटलं, तू मास्तरीण वर्गात. इथे नाही. तिचा चेहरा उतरला. उठून भांडी आवरायला लागली. मी उठलो नाही, चुकलं म्हणालो नाही.

विश्वासघात माणसाला असा करून टाकतो. केलेला एकाने, राग निघतो भलत्यावरच.

१८ फेब्रुवारी

तिचा धडा आज वर्गात झाला. अर्धा वर्ग टाळ्या, अर्धा बाकं बडवत — शेजारच्या वर्गाचे गुरुजी धावत आले म्हणे! पण सगळ्यांना समजलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पाच आणि सातवाले किती वेळ एकटे राहतात!" पस्तिसापर्यंत. सूनबाई सांगताना इतकी हसत होती, की कालचं तिने मनात ठेवलं नाही हे कळलं.

मी हसलो. मग लक्षात आलं, हे सांगायला मी संध्याकाळी बाकावर गेलो असतो. लंब्या म्हणाला असता, "पोरगी हुशार आहे, आपल्या काळी असती तर छडी खाल्ली असती." हे वाक्य मला त्याच्याच आवाजात ऐकू आलं.

गेलो नाही. आज चौथी संध्याकाळ. त्याने लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, संध्याकाळी मी सोडून त्याच्याशी बोलायला कुणी नाही. आणि मला तरी कोण आहे?

नको. असलं लिहायचं नाही. रविवारी फळ्यावर रेघ ओढायची आहे.

१९ फेब्रुवारी

ताईला फोन केला. तिला सांगायला हवंच होतं, तिनेही तेव्हा किती सोसलं. मला गोदामात टाकलं त्या संध्याकाळी ती माझ्याहून जास्त रडली होती. ती भाचीकडे असते. खुबा मोडल्यापासून जिना उतरलेली नाही.

म्हटलं, "ताई, मी तेल घातलं होतं. गणिताने सिद्ध झालं."

"माहीत आहे रे," म्हणाली.

तिचा एवढा विश्वास! मग लंब्याचं सांगितलं. रविवारचं सांगितलं, सगळ्यांसमोर सांगणार ते.

पलीकडे काठी टेकल्याचा आवाज आला.

"कशाला रे आता? म्हातारा झाला तो."

"मी काय तरुण राहिलो? माझी सगळी उमर गेली ना गठ्ठे मोजण्यात! त्याने दोन शब्दांत माझी अब्रू घेतली, ताई. तू त्याला वाढायचीस. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं," म्हणाली. "वाटतं ना."

आणि फोन ठेवला. नीट बोललीसुद्धा नाही. आजकाल लवकर थकते.

भाषण लिहून झालं. दोनदा वाचलं. त्यात एकही लघु-गुरु नाही. कोरडं आहे — हवं तसं.

२० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दार वाजलं. सूनबाईने उघडलं आणि ओरडलीच, "आत्या! तुम्ही? दोन जिने?"

ताई. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली, श्वास लागलेला. मागे भाची, तोंड रडवेलं — ऐकेचना म्हणे, पहाटेपासून निघायचंच म्हणत बसली. मी खुर्ची ओढायला वळलो तर ताई म्हणाली, "बसत नाही. आधी ऐक." उंबऱ्याच्या आत आलीच नाही.

"लंब्याला काही बोलू नकोस. मी त्याला शपथ घातली होती. मला काढलं असतं तर तुझा एकट्याचा पगार, घरात पाच तोंडं... तुला फणफणून ताप होता. पाणी घेऊन आले होते मी. तुझ्या कपाळाला हात लावायला वाकले, आणि कमरेला लटकवलेली बांधणीची कात्री चाकात गेली."